कलमाची पट्टी

धामापूर, २२ जानेवारी २०२५

रसिका,

भाईची अँजिओग्राफी काल दुपारी गोव्याला झाली. बारा वर्षांपूर्वी बायपासमध्ये त्याच्या हृदयाला ज्या तीन नव्या वाटा जोडल्या होत्या, त्यातली एक पूर्ण बंद आहे, दुसरी नव्वद टक्के भरली आहे, तिसरी चांगली चालते. डॉ. अनिश यांनी मला आणि तुझ्या आईला पडद्यावर दाखवून हे सांगितले. लेखी अहवालातही तेच आहे. तो मी दोनदा वाचला.

“मेलात तरी मला कळवू नका,” असे तू २०१८ च्या एप्रिलमध्ये आपल्या बागेतल्या मांगराच्या छपराखाली, आंब्याच्या पेट्यांमध्ये उभी राहून तुझ्या बाबांना म्हणाली होतीस. भाई मेलेला नाही, तेव्हा कळवायला हरकत नसावी, असा अर्थ मी काढला. फोन तू उचलत नाहीस. पत्र फेकून द्यायचे तरी हातात घ्यावे लागते.

झाले ते असे. शुक्रवारी सकाळी मोहोर बघायला तो वरच्या बागेत गेला आणि तासाभराने परतला. परतताना तीन ठिकाणी बसला, हे नंतर कळले. अंगणात पोचल्यावर तुझ्या आईला एवढेच म्हणाला, “जरा घाम इलो.” जानेवारीच्या सकाळी घाम? वहिनीने त्याच्या मानेला हात लावला आणि मला हाक मारली. कुडाळच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि तिथूनच गोव्याला पाठवले. झटका लहान होता. पण हृदय आता पूर्वीच्या निम्म्या जोराने चालते.

तू औषधांतली आहेस, तुला जास्त कळेल. मला समजले ते लिहितो. चालू आहे ती छातीतली धमनी. बिघडल्या त्या दोन्ही डाव्या पायातून काढून लावलेल्या शिरा. डॉक्टर म्हणाले, पायातल्या शिरेला आयुष्यभर मंद वाहणाऱ्या रक्ताची सवय असते. तिला एकदम हृदयाच्या दाबाखाली आणले की तिची भिंत जाड होत जाते आणि मग आत चरबी बसते. दहा वर्षांत अशा निम्म्याच्या आसपास शिरा बंद पडतात. गोळ्या नियमित घेतल्या तर हे लांबते. थांबतेच असे नाही.

गोळ्यांचे त्यांनी विचारले. मधली काही वर्षे बंद होत्या, असे मी सांगितले. का, ते त्याचे त्याला माहीत, असेही म्हणालो.

शुक्रवारी घरी सोडतील. नव्वद टक्के भरलेल्या शिरेत स्टेंट घालायचा की नाही, हे पंधरा दिवसांत ठरेल. ये असे म्हणत नाही. फक्त कळवतो.

शिवाकाका


धामापूर, २७ जानेवारी २०२५

रसिका,

भाई घरी आला. पडवीत खाट टाकली आहे. दिवसातून चार वेळा तो मोहोराची चौकशी करतो आणि तुडतुडे पडले असे सांगितले की उठायला बघतो. वहिनी म्हणते, “तुडतुडे तुमका खाऊचे नाय, गप पडा.”

तू माझे पत्र वाचलेस की नाही, मला माहीत नाही. पण पहिल्या पत्रात मी एक गोष्ट अर्धी सांगितली. मधली काही वर्षे गोळ्या बंद होत्या, एवढेच लिहिले. मधली म्हणजे कुठली, ते मलाही आता कळले.

हॉस्पिटलातून निघताना तिथल्या सिस्टरने वहिनीला विचारले, आधी कुठल्या गोळ्या घेत होते? वहिनी म्हणाली, “पेटयेतल्यो.” सिस्टरला काही कळेना. मलाही. मग तिने सांगितले ते सांगतो. तू नीट वाच.

त्या एप्रिलमध्ये तू अचानक आलीस. तुझी पार्सले भाईने पेंढ्याखाली, आंब्याच्या पेटीत, एकही न फोडता ठेवलेली तुला सापडली. आधी तू कुडाळच्या मेडिकलमधून आणून द्यायचीस, मग नागपूरहून दर तीन महिन्यांनी पाठवायचीस. चार वर्षांच्या गोळ्या. तू पेटी मजुरांसमोर उपडी केलीस, बोललीस आणि संध्याकाळच्या एसटीने गेलीस. दुसऱ्या दिवशी भाईने त्या सगळ्या पुन्हा गोळा केल्या, तारखा बघून क्रमाने लावल्या आणि सर्वांत जुनी पट्टी फोडून एक गोळी घेतली. त्या दिवसापासून रोज एक पांढरी आणि एक पिवळी. कित्येकांची मुदत संपली होती. वहिनीने म्हटले, नव्या आणूया. तो तुझे नाव न घेता म्हणाला, “चेडवान धाडलेल्यो आसत. फुकट कित्या घालवू?”

२०२२ मध्ये पेटी संपली. वहिनीने कुडाळहून आणते म्हटले, तर नको म्हणाला. नंतरची तीन वर्षे परत काही नाही.

हे डॉ. अनिशना सांगितले तेव्हा त्यांनी ते अहवालावर टिपून घेतले. मग म्हणाले, “मुदत संपलेल्या गोळ्यांनी किती काम केलं असेल, सांगता येत नाही. काहीतरी केलं असेल.”

आणखी एक सांगतो, म्हणजे तो कसा आहे ते तुला कळेल. नंतर भाईलाही ते चित्र पडद्यावर दाखवले, तेव्हा त्याने डॉक्टरांना विचारले, “ही एकटीच कशी जगली?”

डॉक्टर म्हणाले, “ती छातीतली आहे. तिचं एक टोक आम्ही तोडत नाही, मूळच्या जागीच ठेवतो. दुसरं तेवढं हृदयावर आणून जोडतो.”

“म्हणजे भेट कलम,” भाई म्हणाला. डॉक्टरांना ते ठाऊक नव्हते, तर झोपल्या झोपल्या शिकवायला लागला. फांदी आईच्या झाडावरच ठेवायची, कुंडीतले रोप तिच्यापाशी नेऊन बांधायचे, सांधा जुळल्याशिवाय तोडायची नाही. “आणि पायाची तुमी तोडून हाडलास. ती कोय कलमासारखी. दहातली पाच मरतत.”

“अगदी बरोबर आकडा सांगितलात,” डॉक्टर हसले. “आमच्या मुलांना येऊन शिकवा.”

“गाडी धाडा, येतंय.”

सगळे हसले. मला हसता आले नाही. कारण कलम हा शब्द त्याला मी दिला होता. २०१३ च्या जानेवारीत ऑपरेशनला तो तयारच होईना. काळीज फाडून दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाही, म्हणत होता. तू रडून दमलीस. डॉक्टर ग्राफ्ट, ग्राफ्ट म्हणत होते. मी म्हटले, “अरे भाई, कलम बांधतत. पायाची शीर काढून काळजाक कलम. तू जन्मभर केलंस तांच.” तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मगे आधी सांगूचा नाय?” आणि सही केली. त्या दिवशी तू माझे पाय धरलेस.

तो शब्द वापरला नसता तर ऑपरेशन झाले नसते. आज इथवर थांबतो. पुढचे लिहायला बसलो होतो, पण होत नाही.

शिवाकाका


धामापूर, ३१ जानेवारी २०२५

रसिका,

हे पत्र लांबवले तर ते कधीच जाणार नाही. पस्तीस वर्षे पेपरला बातम्या दिल्या, पण वेळ कधी चुकवली नाही. ही बातमी मात्र सात वर्षे उशिरा देतो आहे.

भाईने गोळ्या बंद केल्या त्या हट्टाने नाही. तू नागपूरला जाणार म्हणून नाही, तुझे कौतुक नव्हते म्हणूनही नाही. तू तसे समजलीस. मी समजू दिले.

कलम बांधताना सांध्यावर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात, हे तू लहानपणापासून बघितले आहेस. कलमाने जीव धरला की ती सोडायची असते. विसरून तशीच राहिली, तर खोड जाड होत जाते, पट्टी त्यात रुतते आणि चांगले लागलेले कलम गळा आवळून मरते. आपल्या बागेत पट्टी राहून कलम मेले की भाई त्या दिवशी जेवत नसे.

ऑपरेशननंतर दोन पावसाळे गेले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये, दुपारी, मी मागच्या पडवीत फोनवर कचेरीला बातमी सांगत होतो. वाऱ्यात भरकटलेली एक होडी, तिच्यावरचे चौघे, त्यांची नावे. पान सुटायला थोडा वेळ होता आणि पलीकडच्या माणसाला नावे नीट ऐकू येत नव्हती. भाई दारात उभा राहिला. त्याच्या हातात रोपाची काळी पिशवी होती. म्हणाला,

“शिवा, कलमान जीव धरल्यान. दोन पावस झाले. आता पट्टी सोडूक हरकत नाय मा? रवली तर रुतात.”

मी फोनवर हात ठेवला आणि म्हटले, “सोड रे. मगे केदवा सोडतलस?”

तो गेला. मी चौथे नाव सांगितले.

भाईच्या लेखी गोळी म्हणजे पट्टी होती. शिरेने जीव धरेपर्यंत बांधून ठेवणारी. त्यानंतर ठेवली तर आवळणारी. त्याने मला विचारले, कारण कलम हा शब्द माझा होता. त्याच्या मते हॉस्पिटलचे मला कळत होते. मला वाटले तो हातातल्या रोपाचे विचारतो आहे.

मला कधी कळले? तू पेटी उपडी केलीस तेव्हा. तू ओरडलीस, “चार वर्षं मी पाठवतेय आणि तुम्ही आंब्यांसारख्या पिकत घातल्या?” भाई म्हणाला, “माझा काळीज, माका कळता केदवा सोडूचा तां.” सोडूचा. हा शब्द ऐकला आणि ती दुपार माझ्यापुढे उभी राहिली. भाईने माझ्याकडे एकदा बघितले. मी पेट्यांवर आपल्या बागेच्या नावाची लेबले लावत होतो. लावत राहिलो. तू ते बोललीस, जे बोललीस. मी तरीही लावत राहिलो.

एका वाक्याचे काम होते. “रसिका, चूक माझी आहे.” तू एसटीत चढेपर्यंत दोन तास होते.

पुढे दोन महिन्यांनी तू मला विचारलेस, “काका, मी बाहेर गेले म्हणून त्यांनी बंद केल्या का?” मी लिहिले, “त्याचा स्वभाव तुला माहीत आहे.” हे मी शुद्धीत, विचार करून, सही करून लिहिले. नंतर तू मलाही लिहायचे सोडलेस. त्याचे मला थोडे बरे वाटले होते, हेही लिहून ठेवतो.

गोळ्या चालू असत्या तर शिरा उघड्या राहिल्या असत्या का, असे मी डॉ. अनिशना एकटे गाठून विचारले. ते म्हणाले, “सांगता येत नाही. नियमित घेणाऱ्यांच्याही बंद होतात.” त्यांनी ते मला धीर द्यायला सांगितले. मी ते आडोसा म्हणून वापरणार नाही.

भाईला मी अजून विचारलेले नाही. आधी तुला लिहिले. हे पत्र आजच स्पीड पोस्टने टाकतो आणि मग त्याच्यापाशी जाऊन बसतो. उलट्या क्रमाने केले असते, तर त्याने काही बोलून मला वाचवले असते.

शिवाकाका


धामापूर, ८ फेब्रुवारी २०२५

रसिका,

बुधवारी सकाळी तुझा फोन आला, तेव्हा मी विहिरीवर होतो. तुझ्या आईने नंतर सगळे सांगितले. जसेच्या तसे सांग, काही गाळू नको, असे मी तिला बजावले होते. तू आधी विचारलेस, “बाबा कुठे आहेत?” मग फोन भाईकडे गेला. भाई म्हणाला, “हां.” पुन्हा, “हां.” मग म्हणाला, “जेवलंस?” सकाळचे नऊ वाजले होते. त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कोणीही फोन ठेवला नाही. शेवटी तो म्हणाला, “रडा नको गो. मोहोर बरो इलोहा यंदा.”

आईने विचारले, शिवाकडे देऊ? तू नको म्हणालीस. तेही तिने सांगितले.

ते योग्य आहे. आणि खरे कळले की तू मला टाळशील, हे भाईला आधीच ठाऊक होते. कसे, ते तुला कळायला हवे, म्हणून हे चौथे पत्र.

३१ तारखेला पोस्टातून परत येऊन मी त्याच्या खाटेशी बसलो. म्हटले, “भाई, त्या दिसा तू खंयच्या कलमाचा विचारतंस तां माका कळूक नाय. मी झाडाचा समजलंय.”

“माका ठावक आसा.”

“केदवापासून?”

“तेदवाच. तू फोनवर होतंस. तुझा ध्यान खंय होता माझ्याकडे?”

“मगे सोडलंस कित्या?”

त्याने पांघरूण नीट केले. मग म्हणाला, “माका कोणाचो तरी ‘हो’ होयो होतो, शिवा. रोज सकाळी गुळी गिळताना आठवण व्हयची, आपला काळीज तोडून जोडललां आसा. सोडली काय वाटला, आता तां माझा झाला.”

म्हणजे मी न ऐकता दिलेले उत्तर त्याने जाणूनबुजून घेतले. यात माझा वाटा कमी होतो का, याचा मी आठवडाभर विचार केला. होत नाही. पण तुला खरे सांगायचे ठरवले आहे, तर हेही सांगायला हवे.

मग मी विचारले, “आणि रसिकाक सांगलंस कित्या नाय? ता इतक्या बोलला तुका, मजुरांसमोर.”

“सांगललंय तर ता तुझ्याशी बोलूचा बंद झाला असता. माझ्याशी तर भांडला होताच. घरातला एक तरी माणूस रवाक होया मा तिका, विचारपूस करूक?” आणि थोड्या वेळाने, “पण तू पण गप रवलंस, मेल्या.”

रसिका, त्याने तुझ्यासाठी मला राखून ठेवले होते. मी सात वर्षे राखलेला बसून राहिलो.

आता पुढचे. हे पत्र टपालात टाकत नाही. तू उद्या सकाळी कुडाळला उतरतेस असे वहिनी म्हणाली, तेव्हा हे तिच्याकडे ठेवतो. स्टेशनवर परशुरामाची रिक्षा असेल. पांढरी दाढी, ओळखशील. मी आज संध्याकाळी मसुऱ्याला जातो आणि मंगळवारपर्यंत तिकडेच राहतो. घर तुम्हा तिघांना असू दे. भाई म्हणाला, “कित्याक पळतंस?” मी म्हटले, पळत नाही, जागा करून देतो. त्याला ते पटले नाही.

सोमवारी दुपारी त्याला गोव्याला दाखल करायचे आहे. फाइल कपाटात वरच्या खणात आहे, अहवाल तारखेप्रमाणे लावले आहेत. नातेवाईक म्हणून सहीच्या कागदावर तुझे नाव घालायला भाईने सांगितले. ऑपरेशनच्या वेळी तिथे माझे होते. डॉ. अनिश तुला धोका समजावतील. जुन्या शिरेत साचलेली घाण स्टेंट घालताना सुटून पुढे अडकू शकते, तसे होऊ नये म्हणून ते जाळी लावणार आहेत. जमले तरी ती शीर किती वर्षे देईल, हे ते सांगत नाहीत. मी दोनदा विचारले. तू विचारलेस तर कदाचित सांगतील. तुला त्यांची भाषा येते, आणि शब्द बदलून सांगण्याची तुला गरज पडणार नाही.

तोंडावर तो हसेल. स्ट्रेचरवरून डॉक्टरांना आंब्यांचे काहीतरी सांगेल. हात मात्र थंड असतात, ते धर.

मंगळवारी सकाळी साडेआठला त्याला आत नेतील, असा अंदाज आहे. दीड तास लागेल. तुम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर असाल. मी मसुऱ्याहून परस्पर येईन आणि तळमजल्यावर, नोंदणीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसेन. वर येणार नाही. दहाच्या सुमारास डॉक्टर बाहेर येऊन सांगतील. तुझी आई मला सांगायला खाली यायला निघेल. तिचा उजवा गुडघा गेल्या वर्षापासून दुखतो आणि सकाळच्या वेळी लिफ्ट स्ट्रेचरसाठी अडलेली असते. तिला जिना उतरू देऊ नकोस.

शिवाकाका